दोन्ही डावे

आवाहन

“ओरिजिनल आहेत ना?” अजितदादांनी आधी मराठीत विचारलं, मग इंग्रजीत.

भिंतीवर आफ्रिकेचा जुना नकाशा होता आणि त्यात लाल डोक्याच्या टाचण्या टोचलेल्या होत्या. वाउटरने एक टाचणी उपटली, लायटरवर तापवली आणि हत्तीच्या सुळ्याच्या बुडाशी टेकवली. बारीकसा धूर निघाला.

“वास घ्या.”

अजितदादा वाकले. सारंगही वाकला. मी चार हात लांब होते, तरी वास माझ्यापर्यंत आला. दाढ कोरताना येतो तो. आपल्याच तोंडातून आपल्याच नाकात जाणारा, आणि तोंड उघडं असल्यामुळे ज्याच्याबद्दल काही बोलता येत नाही असा.

“प्लास्टिक असतं तर वितळलं असतं,” वाउटर म्हणाला. “हा दात आहे.”

“वा!” अजितदादा म्हणाले. “मोरया!”

वाउटरने टाचणी परत नकाशात टोचली. जिथून काढली होती तिथे नाही. कुठेतरी.

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावच्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी वस्तीच्या सभागृहात बसतो. यंदा सभागृहाचं छप्पर उतरवलेलं होतं. वाउटर म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सारंगच्या कंपनीचा मालक. गावाबाहेर, मक्याच्या शेतांपलीकडे त्याच्या आजोबांचं फार्महाऊस आहे आणि तिथल्या जुन्या गोठ्याचा आता हॉल झाला आहे. तो हॉल त्याने न मागता दिला. मग म्हणाला, तुमचा देव हत्ती आहे ना, मग माझ्याकडे तुमच्यासाठी आणखीही काही आहे.

ते हे. माणसापेक्षा उंच दोन सुळे, ओकच्या लाकडी बैठकीत उभे केलेले, टोकं एकमेकांकडे झुकलेली. मध्ये आपोआप कमान झाली होती. खाली पितळी पट्टी: आजोबांचं नाव, आणि त्याखाली डचमध्ये ‘एक हत्ती, एक गोळी’.

“मखर!” अजितदादा मंडळाचे अध्यक्ष, त्यांना लगेच दिसलं. “सारंग, अरे पुठ्ठा नाही, थर्माकोल नाही. साक्षात ऐरावताचे दात! ॲमस्टरडॅमवाले आता बसले बोंबलत.”

मला कमानीत काहीतरी खटकत होतं. एक सुळा किंचित पाठ फिरवून उभा असल्यासारखा वाटत होता.

आसन

वाउटरची एक छोटीशी विनंती होती.

शिकाऱ्यांची एक संघटना आहे. त्यांची विक्रमांची यादी असते. आजोबांची जोडी त्या यादीत बरीच वर्षं अगदी वर होती. मग कुणीतरी शंका काढली: माप कुणी घेतलं, फोटोतला हत्ती हाच कशावरून, दोन्ही सुळे एकाच जनावराचे कशावरून? जोडी यादीतून काढून टाकली.

“त्यांनी माझ्या आजोबांचा अपमान केला,” वाउटर म्हणाला. त्याचे डोळे खरोखर ओलावले. भिंतीभर लटकलेल्या, पेंढा भरलेल्या जनावरांच्या डोक्यांचे डोळे काचेचे होते, ते कोरडे राहिले.

मी एका कंपनीत यंत्रांच्या भागांचं मोजमाप करते. हातात धरायचा स्कॅनर असतो, वस्तूभोवती फिरवला की पडद्यावर तिची हुबेहूब आकृती उभी राहते. वाउटरला माझ्याकडून लांबी हवी होती, घेर हवा होता, आणि सहीनिशी एक वाक्य हवं होतं: हे दोन सुळे एकाच हत्तीची जोडी आहेत.

गाडीत सारंग म्हणाला, “एक तर वाक्य आहे.”

“माहितेय.”

“ऑक्टोबरमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. तो परवा स्वतःहून म्हणाला, गणपती झाले की कायमचं करून टाकू.”

“हेही माहितेय.”

सारंगचं रेसिडेन्स परमिट त्या कॉन्ट्रॅक्टला लटकलेलं, आणि माझं त्याच्या परमिटला. घराचं कर्ज, माझी नोकरी, सगळं त्याच दोरीला.

“आणि मोजायचंय फक्त,” तो म्हणाला. “मारायचं नाहीये. मारून कधीच झालंय.”

सारंग वाईट नाही. घरात कोळी निघाला तर ग्लासखाली पकडून बाल्कनीत सोडतो. मी हो म्हटलं.

वस्त्र

हॉलमध्ये देव बसणार आणि भिंतींवर मुंडकी, हे बरं दिसेना. ती काढायला वाउटर तयार नव्हता. म्हणून झाकायची ठरली.

“माझी नारायणपेठ त्या रेड्याला?” अजितदादांची बायको पद्मजा शिडीखालून ओरडली. “काही नको! त्याला तुमचं सोवळं द्या!”

“माझं सोवळं झेब्राला गेलं.”

“मग त्याच्या पट्ट्या दिसू देत, तेवढंच डेकोरेशन!”

हसत हसत सगळी डोकी झाकली गेली. शिंगं कापडातून वर येत होती. डोक्यावरून पदर घेतलेल्या, शिंगं असलेल्या बायका ओळीने उभ्या राहिल्यासारख्या वाटत होत्या. पातळ साड्यांतून काचेचे डोळे चमकत होते.

“आता कसं शुद्ध वाटतंय,” अजितदादा म्हणाले.

गंध

मंडळाची मूर्ती दरवर्षी मी करते. इथे शाडू मिळत नाही, कुंभारकामाची माती आणते. डाव्या सोंडेचा, मांडी घातलेला. शेवटचं काम दातांचं. दोन्ही दात आधी पुरते करायचे आणि माती ओली असतानाच एक नखाने मोडायचा. नखाखाली बारीक टक् असं होतं. दरवर्षी तो क्षण मला आवडायचा.

यंदा तो दात मोडून मी सुळे मोजायला गेले.

बाहेरून स्कॅन करायला वेळ लागला नाही. मग वाउटरने एक सुळा बैठकीतून काढून आडवा ठेवायला मदत केली आणि मी बुडाच्या पोकळीत दिवा धरला. सुळ्याच्या आत पोकळी असते. त्यात जिवंतपणी मऊ भाग असतो, नस असते, आपल्या दातात असते तशीच, फक्त हातभर.

त्या पोकळीत सिगारची थोटकं होती. राख, थोटकं, एक बाटलीचं बूच.

“आजोबांच्या पार्ट्या!” वाउटर लाडाने म्हणाला. “पाहुण्यांना ॲशट्रे सापडायचा नाही.”

राख माझ्या बोटाला लागली होती. मी ते बोट पँटला पुसलं, मग पँटही नकोशी झाली.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. कामावर डावा आणि उजवा भाग तपासायची आमची रोजची पद्धत साधी आहे. डाव्याची आरशातली प्रतिमा करायची आणि ती उजव्यावर ठेवायची. दोन्ही एकमेकांत विरघळले की जोडी बरोबर. सुळा नुसता वाकत नाही, तो थोडा पिळवटतो. डावा एकीकडे, उजवा दुसरीकडे.

मी प्रतिमा केली. ठेवली. बसेना. फिरवली. बसेना.

मग आरसा काढून टाकला आणि एक सुळा जसाच्या तसा दुसऱ्यावर ठेवला. पीळ पिळावर बसला.

दोन्ही डावे होते. एकाला पाठमोरा फिरवून उजवा म्हणून उभं केलं होतं.

“सारंग, हे दोन हत्ती आहेत.”

तो पडद्याकडे वाकला. मागून माझ्या सासूबाई आल्या. सरला त्यांचं नाव, गणपतीसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्याही बघू लागल्या.

“तू फक्त लांबी लिही,” सारंग म्हणाला. “लांबी तर खरी आहे ना?”

“आणि जोडी?”

“तू काय हत्तींची डॉक्टर आहेस?”

“जोड्या तपासते मी. दिवसभर तेच करते.”

“मग त्यांचे उजवे कुठे गेले?” सासूबाईंनी विचारलं.

कुणाच्या तरी पियानोच्या पट्ट्यांत. सुरीच्या मुठीत. बिलियर्डच्या चेंडूंत. सासूबाईंनी आपला हात केसांकडे नेला. त्यांच्या माहेरी हस्तिदंताची फणी होती, तिचं कौतुक त्यांनी दोनच दिवसांपूर्वी केलं होतं.

मी ठरवलं की वाउटरला तोंडावर सांगायचं, चतुर्थीला, मूर्ती बसायच्या आधी. मला वाटलं, तो ओशाळेल आणि सुळे गुपचूप आत नेऊन ठेवेल. मखर पुठ्ठ्याचं होईल. खोटं पकडलं गेलं की माणूस ते लपवतो, असं मी धरून चालले होते.

पुष्प

जास्वंद मिळाली नाही. डेलिया वाहिले.

प्राण

वाउटर आलाच नाही. पुण्याचे गुरुजी मात्र वेळेवर पडद्यावर आले.

“अजितदादा, पाचच मिनिटं थांबू या,” मी म्हटलं. “वाउटर येऊ दे.”

“वाउटरराव आरतीला येतायत.”

“नाही, मला आधी बोलायचंय.”

“ताई,” गुरुजी पडद्यातून म्हणाले, “माझ्यापुढे अजून दुबई आहे.”

मूर्ती चौरंगावर गेली. दोन्ही बाजूंना ते दोन. अजितदादांनी दूर्वा घेतल्या, मूर्तीच्या छातीला लावल्या. गुरुजींचा मंत्र तुटत तुटत आला. मध्ये चित्र गोठलं, गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं, मग उरलेला मंत्र एकदम आला. मातीत प्राण आला. आता विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नाही, हे तिथल्या लहान मुलांनाही माहीत होतं.

एक दात मोडलेला तो बसला होता, दोन मेलेल्यांच्या दातांमध्ये. आणि तिथे त्याला मीच बसवलं होतं.

पाद्य

(पूजेत हे आधी येतं. मला उशिरा दिसलं.)

पद्मजाने मोदकांचं ताट मूर्तीसमोर एका बुटक्या, गोल बैठकीवर ठेवलं होतं. “किती छान मोढा मिळाला बघ,” ती म्हणाली. “अस्सल लेदर.”

मोदकांतून वाफ येत होती. मी वाकून मोढ्याच्या खालची कड बघितली. अर्धगोल, पिवळट, पॉलिश केलेली एक ओळ.

नखं होती.

“पद्मजा, हा पाय आहे.”

“कुणाचा?”

मी सांगितलं. तिने ताट उचललं नाही. मुलांकडे बघितलं, ती हसत इकडेतिकडे पळत होती. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “आता नको ना, प्लीज. सगळे जेवायचेत.”

आणि मोढ्याच्या कडेवर तिने एक पेपर नॅपकिन पसरला.

नैवेद्य

वाउटर कुर्ता घालून आला. खास मागवलेला, भगवा. मी त्याला दाराशीच गाठलं. डचमध्ये बोलले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. मला त्याला लाज राखायची संधी द्यायची होती.

“दोन्ही डावे आहेत, वाउटर. ही जोडी नाही. हे दोन वेगळे हत्ती आहेत.”

त्याचा चेहरा पडला. एकदाच. मग त्याखालून दुसराच चेहरा वर आला.

“नक्की?”

“नक्की.”

“दोन,” तो म्हणाला. “इतके मोठे दोन?” त्याने माझे दोन्ही खांदे धरले. “तुला माहितेय का, एकेरी सुळ्यांची वेगळी यादी असते! म्हणजे तिथे पहिला आणि दुसरा. दोन्ही आजोबांचे! ते लोक म्हणत होते, म्हातारा थापाड्या होता. थापाड्या? त्याने तर कमी करून सांगितलं!”

त्याने मला मिठी मारली. कुर्त्याला नव्या कापडाचा वास होता.

“तू माझ्या आजोबांना आणखी एक हत्ती दिलास,” तो माझ्या कानात म्हणाला.



त्याने माइक घेतला. इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं की आपल्या मंडळाच्या या हुशार इंजिनिअरने आज एक ऐतिहासिक शोध लावला आहे. नवी पट्टी बसवू, दोन हत्ती, दोन गोळ्या. टाळ्या वाजल्या. मी जे शोधलं होतं त्यालाच त्या टाळ्या होत्या, एकही शब्द खोटा नव्हता.

“डावे तर डावे!” अजितदादा ओरडले. “आपला बाप्पाही डाव्या सोंडेचा!”

हॉल हसला. सारंग धावत माझ्याकडे आला. इतका मोकळा चेहरा त्याचा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

“बघ! आता खरंच लिहायचंय. जे आहे तेच. तो म्हणतोय, सोमवारी पत्र दे, सोमवारीच माझं कॉन्ट्रॅक्ट. आता काय अडचण आहे?”

खोटं लिहायचं नव्हतं, ही अडचण सांगणं सोपं होतं. खरंही लिहायचं नाही, हे कसं सांगायचं?

“आरती!” कुणीतरी ओरडलं. झांजा निघाल्या. रेड्याच्या डोक्यावरची साडी एका बाजूला घसरली होती आणि एक डोळा उघडा पडून मोदकांकडे बघत होता.

उत्तरपूजा

तबकातून मी अक्षता घेतल्या. सगळ्यांना वाटलं, आरतीची तयारी. मी मूर्तीवर अक्षता वाहिल्या आणि मूर्ती दोन्ही हातांनी धरून उत्तरेकडे थोडी सरकवली.

एवढंच असतं. त्यानंतर ती माती.

झांजा थांबल्या.

“वहिनी!” अजितदादांचा आवाज चिरकला. “अहो हे काय करताय? आत्ता तर बसलाय!”

“आता उठला.”

“दीड दिवसाचा ऐकलाय, पाच दिवसांचा ऐकलाय. दीड तासाचा कुणाचा असतो का?”

“आमचा.”

मी मूर्ती उचलली. सारंग पुढे आला. आवाज खाली ठेवून, ओठ न हलवता म्हणाला, “भार्गवी, ठेव ते खाली.”

“खाली काय आहे ते बघ आधी.”

त्याने मोदकांच्या ताटाखाली बघितलं. पेपर नॅपकिन वाफेने ओला होऊन चिकटला होता आणि नखं त्यातून स्पष्ट दिसत होती. त्याने ती बघितली. मला माहीत आहे, बघितली.

“ऑक्टोबर,” तो एवढंच म्हणाला.

“मी पत्र लिहिणार नाही, सारंग. जोडीचं नाही आणि दोघांचंही नाही.”

वाउटरला मराठी कळत नव्हतं, पण मूर्ती माझ्या हातात होती हे त्याला दिसत होतं. “हा विधीचा भाग आहे का?” त्याने अजितदादांना विचारलं. अजितदादा कसंनुसं हसले आणि “येस, येस, स्पेशल” असं काहीतरी म्हणाले.

दाराशी सासूबाई आडव्या आल्या. मला वाटलं, आता या मला परत फिरवणार. मुलाची नोकरी होती ती.

“थांब,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातली दह्याची वाटी होती. चमचाभर दही त्यांनी मूर्तीच्या तळहातावर ठेवलं. “दह्याशिवाय कुणी पाठवतं का?”

मग चपला घालताना पुटपुटल्या, “मला नाही बाई त्या पायावरचा मोदक जायचा.”

पुढे पेटी असलेल्या आमच्या सायकलवर मी मूर्ती आणली होती. सासूबाई त्या पेटीत बसल्या, मूर्ती मांडीवर घेऊन. दोन्ही बाजूंना मका उभा होता. वाऱ्याला शेणाचा, ओल्या मातीचा वास होता. मी तो खोल ओढून घेत होते. जळक्या दाताचा वास काही केल्या जात नव्हता.

“मोरया तरी म्हण गं,” त्या पुढून म्हणाल्या.

मी म्हटलं.

पुनरागमनाय

बाल्कनीत बादली. माती बारीक होती, लवकर सुटली. आधी बोटं गेली, दह्याचा हात गेला, मग सोंड. पाणी गढूळ झालं. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या.

मोबाइल वाजला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता.

दोन सुळे, मधला चौरंग. चौरंग रिकामा नव्हता. त्यावर वाउटर उभा होता, बूट घालून, भगव्या कुर्त्यात, हात जोडून. सुळ्यांची टोकं बरोबर त्याच्या डोक्यावर जुळत होती. एका बाजूला अजितदादा, दुसऱ्या बाजूला पद्मजा, पुढे मुलं मांडी घालून, हातात मोदक. मागे रेड्यावरची साडी पुरती खाली आली होती. सगळे हसत होते. अजितदादांनी खाली लिहिलं होतं, ‘यंदाचं मखर सुपरहिट!’

चेहरे नीट उजेडात होते. कुणाचे डोळे मिटलेले नव्हते.

“सारंगचा का गं?”

“नाही. फोटो आलाय.”

“बघू.” त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, मोबाइल जवळ घेतला, लांब नेला. बोटाने एकेका चेहऱ्यावरून गेल्या. वाउटरवर थांबल्या नाहीत.

“ह्यात आपला सारंग दिसत नाही.”

मंडळाचे फोटो दरवर्षी सारंग काढतो.

“नाही,” मी म्हटलं, “दिसणार नाही,” आणि बादलीत हात घालून उरलेला गोळा फोडला.